तिसरं पातेलं

खोटं कशाला बोलू? फोन भावनाचा होता आन् उचलला मी. तिचे दोन्ही हात कुरडयांच्या चिकात होते, फोन माझ्या फडताळावर चार्जिंगला लावलेला, आन् वाजला तर कोणीतरी उचलायलाच पायजे. इथवर माझी चूक नाय. पुढं काय केलं ते सांगते, मंग तुमी ठरवा.

भावना माझी धाकटी जाऊ. आमचं घर टोकावड्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून चालत पंधरा मिनिटं आत. दोन भाऊ, दोन सुना, चूल एक. माझा नवरा पंढरी टमटम चालवतो, टोकावडे ते सरळगाव. धाकटा धाकलू भातसानगरला धरणावर कामाला, तो आठवड्याला एकदा घरी येतो. भावनाला या घरात येऊन एकवीस वर्षं झाली, आन् एकवीस वर्षांत आमची चूल वेगळी झाली नाय. लोकं नवल करतात. नवल कसलं डोंबलाचं? ती पिकवते, मी शिजवते. तिला धड फोडणी देता येत नाय, आन् मला रोप जगवता येत नाय. मी हात लावलेली मिरची दुसऱ्या दिवशी मान टाकते.

भात कापून झालं की घरामागची, ओहोळालगतची जमीन भावनाच्या ताब्यात जाते. काकडी, भेंडी, मिरची, कारली, मांडवावर पडवळ, कुंपणावर कोहळा. पहाटे उठून पाणी लावते, आन् पाणी लावताना रोपांशी बोलते. "काय रे, तू का रुसलास?" असं एका कारल्याच्या वेलाला इचारताना मी तिला माझ्या कानांनी ऐकलंय. मी हसायची. पण फाल्गुन लागला, सगळीकडं राब भाजल्याचा धूर, माळ करपून गेलेला, पळस तेवढा फुललेला, आन् आमच्या घरामागं मात्र हिरवंगार. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. पंढरी रोज सकाळी भेंडी-काकडी टमटममध्ये टाकून न्यायचा आन् दुपारी रिकामी पाटी आणायचा.

बी सगळं भावनाच्या माहेरचं. तिची आई धोंडूबाई डोळखांबच्या पुढं एका पाड्यावर राहायची. दर वर्षी दिवाळीनंतर म्हातारी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बियांच्या गाठी बांधून पाठवायची. लाल चिंधीत काकडी, हिरव्यात भेंडी, पांढऱ्यात कोहळा. चिठ्ठी नाय, काय नाय. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. भावना त्या गाठी सोडायची तेव्हा तिचं तोंड बघावं. माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली. मला कोणी गाठी पाठवल्या नायत. हेवा वाटायचा का? वाटायचा. आता झाकून काय करू?

यंदा शिमग्याला भावना माहेरी जाऊन आली तेव्हा म्हातारी खाटेवरच होती. जेवण तुटलं होतं. आल्यापासून भावनाचं मन थाऱ्यावर नव्हतं. चार दिवसांनी मला म्हणाली, "ताई, सोमवारी परत जाऊन येऊ का? आई एकटक बघत बसते गो. मला बरं नाय वाटत."

मी म्हटलं, "जाशील गं. तांदूळ भिजत घातलेत ना! कुरडया होऊ दे, मंग चार दिवस राहून ये. मी काय नको म्हणते का?"

ती थांबली. माझा शब्द तिनं कधी मोडला नाय.

आता कुरडयांचं सांगते. माझी लेक समीक्षा. तिचं लग्न ठरलं शहापूरला, मुलगा ऋतिक, चांगला पोरगा, शांत. पण त्याची आई म्हंजे निखारा. साखरपुड्याला सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आमच्यात रुखवताला एकवीस परकार लागतात हां. घरचं पायजे. इकतचं आमी लगेच वळखतो." मला ते असं झोंबलं! मी मुरबाडात नाव असलेली बाई. माझ्या हातचं लोणचं कल्याणपर्यंत जातं. मी तिथंच ठरवलं, हिला एकवीस नाय, पंचवीस दाखवीन. सांडगे झाले, पापड झाले, फेण्या झाल्या, मिरगुंडं झाली, भरल्या मिरच्या झाल्या. कोहळा भावनाचा, मिरच्या भावनाच्या, हात माझा. राहिल्या होत्या कुरडया, आन् लग्नाला उरले होते अकरा दिवस.

आमच्यात कुरडया तांदळाच्या करतात. घरचा तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून त्याचा चीक शिजवायचा आन् गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. त्या चौथ्या दिवशी थांबता येत नाय. उद्यावर टाकला तर चीक आंबून जातो, गुरंसुद्धा तोंड लावत नायत. दहा किलो तांदूळ होता. तीन पातेली होणार होती. आन् चीक घाटायला माझा खांदा चालत नाय, मागल्या वर्षी पडले तेव्हापासून. घाटायची ती भावनानंच. तिचा हात असा सरसर फिरतो की एक गाठ होत नाय. आमच्या पाड्यावरच्या पाच-सहा बाया सावडीनं आल्या होत्या. आज आमच्याकडं, परवा त्यांच्याकडं. अंगणात खाटा टाकल्या, त्यावर धुतलेली लुगडी पसरली. पयलं पातेलं साडेनऊलाच उतरलं. चूल पेटलेली, बाया हसतायत, समीक्षाला चिडवतायत, "सासूला पयली कुरडई तूच तळून घाल गो, जीभ भाजंल तिची!" इतका चांगला दिवस मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

साडेदहा वाजता फोन वाजला.

पडद्यावर रघूचं नाव होतं. रघू म्हंजे भावनाचा भाऊ. मी उचलला. पलीकडून बायांचं रडणं ऐकू आलं. तो म्हणाला, "भावना?"

"मी मैना बोलते, रघूदादा. तिची जाऊ. ती कामात हाय."

"आई गेली, ताई. आत्ताच. नऊ-साडेनऊला. भावनाला घेऊन या. आमी चार वाजता उचलू. तिच्यासाठी थांबतो. रात्रभर तिचंच नाव घेत होती. भावना आली का, भावना आली का."

मी म्हटलं, "येतो. निघतोच आमी. धाकलूभाऊजींना मी कळवते."

असं मी बोलले. माझ्या तोंडानं बोलले. आन् फोन ठेवून मागच्या दारी गेले. तिथं भिमीमावशी सोऱ्या धूत बसली होती. सत्तरीची बाई, पाड्यावरचं सगळं सोयर-सुतक तिला तोंडपाठ. मला बघून म्हणाली, "काय गो, तोंड का असं?"

मी खाली बसले आन् हळूच सांगितलं. मावशीनं कपाळाला हात लावला. मंग आत बघितलं. चुलीवर दुसरं पातेलं रटरटत होतं.

"लेकीला तीन दिवसांचं," ती म्हणाली. "आन् तुमची चूल एक. बाया आत्ता उठून जातील. सुतकातली कुरडई रुखवतात ठेवलीस तर तुझी व्याहीण ती उंबऱ्याबाहेर फेकील, आन् उद्या त्या पोरीला शिंक जरी आली तरी यावरच बोट ठेवतील."

"मंग काय करू?"

मावशीनं सोऱ्या उपडा केला. "सुतक कानावर पडल्यापासून लागतं. तिच्या कानावर पडंपातुर तिला नाय. जुनी माणसं असंच करायची. लगीन मांडवात असलं तर बातमी येशीवर थांबवायची." मंग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी आपली रीत सांगितली. कर म्हटलं नाय."

मावशी हुशार. मी तीच रीत पकडून बसले. मनात हिशेब केला. डोळखांब गाडीनं दीड तास, त्यापुढं पाडा, दोन तास धरा. चारला उचलणार. बाराला निघालं तरी वेळेत पोचतो. दुसरं पातेलं उतरलं की सांगते. तिचं तोंड बघायचं राहणार नाय, आन् माझ्या पोरीच्या कुरडयापण होतील. दोघींचं भलं. असं मी स्वतःला समजावलं, आन् मला ते पटलंसुद्धा.

तेवढ्यात फोन परत वाजला. परत रघू. अंगणातून भावनाचा आवाज आला, "ताई, कुणाचा गो?"

"कंपनीचा," मी म्हटलं. आन् मी फोन बंद केला. आवाज नाय हो, फोनच बंद केला. बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत.

धाकलूला मी कळवलं नाय. कळवलं असतं तर त्यानं भावनालाच फोन केला असता.

दुसरं पातेलं पावणेबाराला उतरलं. मी भावनाकडं बघितलं. घामानं निथळत होती, गालाला चीक लागलेला, केस सुटलेले. बाया कुरडया पाडत होत्या, काय सुरेख पांढऱ्याशुभ्र पडत होत्या! आन् टोपात तिसऱ्या पातेल्याचा चीक तसाच होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आन् भावनाच म्हणाली, "ताई, बघतेस काय, पाणी ठेव ना तिसऱ्याचं. एका दमात उरकून टाकू. समीक्षाची सासू तोंडात बोट घालील बघ."

मी पाणी ठेवलं.

तुमी म्हणाल, ओतून द्यायचा होता तो चीक उकिरड्यावर. हो. दोन पातेल्यांच्या कुरडया त्या व्याहिणीला पुरून उरल्या असत्या. मला ते तेव्हाही कळत होतं. पण हातातोंडाशी आलेलं सोडवंना. आन् टमटम एक वाजताच येते ना जेवायला, असं मी मनात म्हणत होते. जणू पंढरीकडं फोनच नाय. जणू मी त्याला लवकर बोलावू शकत नव्हते.

ती घाटत होती आन् मी बघत होते. घाटता घाटता ती मला सांगत होती की आईनं तिला लहानपणी चीक कसा खाऊ घातला, गूळ घालून, पानावर. मी "हं, हं" करत होते. समीक्षा मला म्हणाली, "आई, तुला बरं नाय का? चेहरा बघ तुझा." मी तिच्यावरच खेकसले, "धुरानं झालंय, जा तिकडं!"

सव्वा वाजता तिसरं पातेलं उतरलं. पंढरी आला होता, ओटीवर पाणी पीत होता. मी भावनाच्या हातावर पाणी घातलं. तिचे हात पार लाल झाले होते. मी म्हटलं, "भावना, तुझ्या आईची तब्येत जास्त हाय म्हणून निरोप आलाय. चल, आपण जाऊन येऊ. यांची गाडी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कवा आला निरोप?"

"आत्ता."

तिचा कसा इश्वास बसला कोण जाणे. बसला. कारण सांगणारी मी होते. ती तडक आत गेली, लुगडं बदललं, मला वाटलं निघालीच. तर ती मागच्या दारानं मळ्यात गेली. मी धावत मागं. ती काकडीच्या वेलात वाकून पानं बाजूला सारत होती.

"अगं, काय करतेस? उशीर होतोय!"

"कवळ्या बघून चार घेते. आईला दात नायत, कवळी काकडी किसून दिली तर खाते. दुसरं काय तिच्या घशाखाली उतरत नाय, वयनी म्हणत होती." एक काकडी तोडली, नखानं बघितली, जून लागली म्हणून बाजूला टाकली, दुसरी शोधायला लागली. "आन् थोडा चीक घे डब्यात, गूळ घालून. गरमच असंल अजून."

मी तिथं उभी. भर उन्हात. काय म्हणणार होते? नको घेऊ, ती खाणार नाय? मी घरात आले आन् डब्यात चीक भरला. वर गूळ किसला. त्या दिवशी मला माझीच किळस आली ती तेव्हा, फोन बंद करताना नाय.

निघालो तेव्हा पावणेदोन झाले होते. समीक्षाला घरी ठेवलं, लग्नाची पोर. पंढरी पुढं, आमी दोघी मागं. भावनाच्या मांडीवर डबा, पायाशी काकड्यांची पिशवी. पंढरीला मी काय सांगितलं नव्हतं. तो आपला गाडी हाकत होता.

सरळगाव मागं पडलं तेव्हा भावना म्हणाली, "फोन दे ताई, दादाला सांगते आमी निघालो म्हणून."

मी पिशवीतून फोन काढून दिला. नाय कसा देणार?

"बंद कसा गो?"

"चार्जिंग उतरलं असंल."

तिनं चालू केला. सकाळपासून लावलेला फोन, पूर्ण भरलेला. आन् मंग तो वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. रघूदादाचे अकरा कॉल आले होते, सगळे चुकलेले. ती बघत राहिली. बोटानं वर सरकवत गेली, खाली सरकवत गेली. एका जागी बोट थांबलं. मला दिसत होतं कुठं थांबलं ते. दहा बत्तीस. रघूदादा. दोन मिनिटं. तो चुकलेला नव्हता, उचललेला होता.

तिनं रघूला फोन लावला. रस्ता खराब होता, गाडीचा आवाज होता, तरी रघूचा आवाज मला ऐकू आला. "आता लावतेस? कधीपासून करतोय मी! भावकी थांबंना गो. ऊन वाढलं, म्हणाले म्हातारीला किती तापत ठेवायचं. तू येतेस का नाय तेच कळंना. दोन वाजता उचलायचं ठरलं म्हणून सांगायला किती फोन केले, तुझा बंद, भाऊजींचा लागंना. आत्ता नेली आईला. आत्ताच नेली, भावना."

तिनं फोन खाली घेतला. पंढरीला काय ते समजलं, त्यानं गाडी बाजूला घेतली. भावनानं माझ्याकडं तोंड केलं.

"तू बोललीस त्याच्याशी?"

"हो."

"काय म्हणाला?"

"आई गेली म्हणाला. चारला उचलू म्हणाला. आमी थांबतो तिच्यासाठी म्हणाला."

"अजून?"

मी मान खाली घातली. "रात्रभर तुझं नाव घेत होती म्हणाला."

पंढरी मागं वळला. "काय केलंस तू हे? अगं, काय केलंस?" एवढ्या वर्षांत तो माझ्यावर असा ओरडला नव्हता. मी म्हणायला लागले, "कुरडयांचा चीक होता ना... सुतक लागलं असतं... पोरीचं लगीन..." ते शब्द माझ्या तोंडातून निघत होते आन् मला ऐकू येत होतं की हे काय बोलणं झालं का माणसाचं!

भावना पंढरीला म्हणाली, "दादा, गाडी चालवा."

पुढचा सगळा रस्ता ती बाहेर बघत होती. किन्हवली गेलं, मोहाची झाडं गेली, डोळखांब गेलं. ती रडली असती, मला दोन शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्याकडं मान वळवली नाय.

पाड्यावर पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. अंगण शेणानं सारवून घेतलेलं. जिथं म्हातारीला ठेवली होती तिथं पिठावर दिवा लावला होता. नदीकडच्या बाजूला धूर दिसत होता. भावना त्या धुराकडं चालायला लागली तर बायांनी तिला धरली. तिकडं आमच्यात बाया जात नायत. मंग ती अंगणातच खाली बसली, आन् तिनं जो हंबरडा फोडला तो मी मरंपातुर इसरणार नाय.

रडून रडून दमली तेव्हा रघूची बायको जवळ आली. "इतका उशीर का गो केलास? तुझ्यासाठी तोंड उघडं ठेवलं होतं. शेवटी झाकलं."

मी भिंतीला लागून उभी होते. आता सांगणार, मी म्हटलं. सांगू दे. सगळ्यांच्या देखत सांगू दे. होऊ दे माझी शोभा.

भावना म्हणाली, "गाडी मिळाली नाय, वयनी."

रघूच्या बायकोनं मंग तिचा मोबाइल काढला. कोणीतरी म्हातारीच्या तोंडाचा फोटो काढून ठेवला होता, भावनासाठी. ती दाखवायला लागली. भावनानं डोळे मिटून घेतले आन् हातानं फोन बाजूला केला. "नको. फोनात नको."

आमी दोघं संध्याकाळी परत आलो. तिला तिथंच ठेवली. धाकलू रात्री थेट तिकडं गेला. घरी आले तर अंगणभर कुरडया वाळत होत्या, तिन्ही पातेल्यांच्या. समीक्षानं कोंबड्या येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी काठ्या लावल्या होत्या. गाडीत काकड्यांची पिशवी तशीच होती. मी ती गुरांना घातली, आन् डबा घासून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी मी मळ्यात पाणी लावायला गेले. कधी लावलेलं नाय, पाट कुठं फोडायचा तेही ठाऊक नाय. भेंडीच्या एका ओळीला पाणी मिळालं, दुसऱ्या ओळीला नाय.

तीन दिवस झाले, भावना परत आली. मी उंबऱ्यात गेले, पाय धरायला वाकले. मी मोठी, ती धाकटी, तरी वाकले. तिनं मागं सरकून पाय सोडवून घेतले. "उलटं करू नकोस ताई, लग्नाचं घर हाय," म्हणाली, आन् मळ्यात गेली. त्या दिवसापासून कामाचं सगळं बोलते. मीठ किती, पाहुणे किती, हळद कोण कुटणार. पण कारल्याच्या वेलाशी बोलत नाय आन् माझ्याजवळ बसत नाय. जेवायला बसली तर मधे एक पाट सोडून बसते. मी किती वेळा माफी मागितली. "झालं ते झालं," एवढंच म्हणते. रागानं म्हटलं असतं तर मी त्यावर बोलले असते. ती अगदी सरळ म्हणते.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी आमी रुखवत भरत होतो. परड्यांत सगळं लावायचं काम भावना करत होती, कागदाची झालर लावून, एकेक कुरडई जपून, तुटू नये म्हणून. समीक्षा शेजारी बसली होती. ती अचानक म्हणाली, "काकी, त्या दिवशी बाबा तर एक वाजताच घरी होते. मंग तुझ्या माहेरी तू गाडी मिळाली नाय असं का सांगितलंस? रघूमामा फोनवर म्हणत होते."

भावनाचा हात थांबला नाय. "आईला इचार तुझ्या."

समीक्षानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, फोनाचं, मावशीचं, तिसऱ्या पातेल्याचं. "तुझ्यासाठीच केलं गो," असंही शेवटी म्हटलं, आन् म्हटल्यावर वाटलं, हे तरी बोलायला नको होतं.

पोर पांढरी पडली. मला वाटलं आता ती उठून माझ्यावर ओरडेल, नायतर या कुरडया मी नेणार नाय म्हणेल. तिनं तसं काय केलं नाय. ती भावनाच्या जवळ सरकली, तिचा हात धरला आन् हळू आवाजात म्हणाली, जणू मी तिथं नायच.

"काकी, मी आता सून होऊन जाते. तिथंपण कोणाचं लगीन असंल, कोणाची पूजा असंल, चुलीवर काय ना काय असंल. माझ्या आईला काय झालं तर मला तू सांग. सासूला नको सांगू, ऋतिकला नको सांगू, माझा फोन नाय लागला तर तू घरी ये. मला तिचं तोंड बघायचंय. दुसऱ्या कोणावर माझा भरोसा नाय."

भावनानं परडी खाली ठेवली. समीक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसानंतर पयल्यांदा तिच्या डोळ्यांत माझ्या देखत पाणी आलं.

"येईन गो," ती म्हणाली. "मध्यरात्र असली तरी येईन. तुला पोचवीन."

मी परडीची झालर चिकटवत होते. मान वर करायची माझी हिंमत झाली नाय. भावना जे म्हणते ते करते. मी मेले की ती चालत जाईल शहापूरला, पण माझ्या लेकीला माझं तोंड दाखवील.